वळवाआधी अर्थिंगचा खड्डा भिजवा

एप्रिल-मेमध्ये काळी रानं भेगाळतात, तसा अर्थिंगचा खड्डाही, म्हणजे वीज जमिनीत उतरवणारा पाइप पुरलेला खड्डाही, सुकतो. माती पाइपापासून सुटते आणि विजेला जमिनीत उतरायला वाट राहत नाही. विदर्भ-मराठवाड्यात वळीव कडाडतो तोही याच दिवसांत. अर्थिंग जेव्हा सगळ्यात कमजोर, तेव्हाच त्याचं काम पडतं. मग वीज भिंतीतून, पत्र्यातून, वायरिंगमधून वाट काढते.

एक झटका साधारण ३०,००० अँपिअरचा धरा. अर्थिंगचा रोध १० ओहम असेल, तर सरळ गुणाकाराने ३ लाख व्होल्टचा दाब. खड्डा सुकून तो १०० ओहम झाला, तर ३० लाख. म्हणून वायरमनकडून अर्थ टेस्टरने रोध मोजून घ्या, १० ओहमच्या आत हवा. खड्ड्यात ४० मिमीचा, अडीच मीटर लांब जीआय पाइप असावा, भोवती कोळसा आणि मिठाचे थर. पावसाळा लागेपर्यंत आठवड्यातून एकदा तीन-चार बादल्या पाणी ओता. मीठ पाइप खातं, त्यामुळे वरचा नट-बोल्ट गंजलाय का तेही बघा. पुष्कळ ठिकाणी खड्डा ठीक असतो, पण तार नुसती पाइपाला गुंडाळलेली असते! ती बोल्टनेच आवळलेली हवी.

वीज घरावरच पडावी लागते असं नाही. डीपीजवळ (ट्रान्सफॉर्मरजवळ) किंवा दूरच्या तारेवर पडली तरी सर्व्हिस वायरीतून दाबाची उसळी आत येते आणि टीव्ही, फ्रिज, मोटरचा स्टार्टर घेऊन जाते. एमसीबी (जास्त प्रवाह आला की आपोआप पडणारा स्विच) इथे वाचवत नाही. उसळी मायक्रोसेकंदांत येऊन जाते, एमसीबी पडायला मिलिसेकंद लागतात. त्यासाठी मीटरनंतरच्या मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे ही उसळी अर्थकडे वळवणारं उपकरण, बसवा. त्याला जाणाऱ्या आणि त्यातून अर्थला येणाऱ्या वायरींची लांबी मिळून अर्धा मीटरच्या आत ठेवा. लांब वायर असली तर निम्मा फायदा तिथेच जातो. त्याची हिरवी खूण लाल झाली की तो संपला, बदलायचा. गडगडाट जवळ येण्याआधी प्लग काढून ठेवावेत. नुसतं बटण बंद करून उपयोग नाही, स्विचमधल्या काही मिलिमीटरच्या फटीवरून वीज सहज उडी मारते. आणि गडगडाट सुरू झाल्यावर प्लगला, स्टार्टरला, किटकॅटला (फ्यूजला) हात लावूच नका.

छपरावर वीजरोधक (पडणारी वीज झेलून जमिनीत नेणारा दांडा) असेल तर त्याची २५ × ३ मिमीची जीआय पट्टी सरळ खाली उतरवा. पट्टीला काटकोनात वाकवलं, की वीज त्या वळणावरून पट्टी सोडून शेजारच्या भिंतीत शिरते. ओलावा धरलेल्या जुन्या भिंतीत त्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि गिलावा, कधी विटाही, फुटून बाहेर येतात. वीजरोधकाचा आणि घरातल्या वायरिंगचा खड्डा वेगळा असला, तरी दोन्ही जमिनीखालून पट्टीने जोडा. न जोडल्यास दोन्हींत दाबाचा फरक पडून ठिणगी घरातच उडते. मात्र जोडल्यावर सर्ज प्रोटेक्टर हवाच.

गोठ्याचे पत्रे वीज ओढतात ही समजूत चुकीची. लाकडी मेढींवर उभे, जमिनीशी न जोडलेले पत्रे धोक्याचे. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतून पट्टी खाली घ्या, पण खड्डा जनावरांच्या जागेपासून किमान ३ मीटर लांब. गाई-बैलांच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, त्यामुळे जमिनीतला प्रवाह एका पायातून शिरून छातीतून दुसऱ्यात जातो. म्हणूनच झाडाखाली आणि तारेच्या कुंपणाला जनावर बांधू नये.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर ठेवा, जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना त्यावर येते.

जवळ वीज पडून गेल्यावर मोटर लगेच चालू करू नका. सप्लाय बंद करून वायरमनकडून वाइंडिंग मेगरने (इन्शुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) तपासून घ्या. १ मेगाओमपेक्षा कमी आलं तर स्टार्टर न दाबता मोटर बाहेर काढा. इन्शुलेशनला बारीक भोक पडलेली पाणबुडी मोटर चार-आठ दिवस चालतेही आणि नंतर बोअरमध्येच जळते.