कापसाच्या उत्पादनाचे रिग्रेशन: कोणते चल घ्यावे, कोणते वगळावे

यवतमाळ-वाशीमकडील शेतकऱ्यांची माहिती गोळा करून, खताच्या मात्रेने कापसाचे एकरी उत्पादन किती वाढते हे रिग्रेशनने (एका गोष्टीवर इतर गोष्टींचा किती परिणाम होतो हे मोजणाऱ्या सांख्यिकी पद्धतीने) तपासायचे असेल, तर प्रश्नावलीतील सगळे रकाने मॉडेलमध्ये ओतण्याचा मोह आधी आवरावा. खताची मात्रा आणि उत्पादन या दोहोंवर परिणाम करणारे चल (बदलणारे घटक) घेणे आवश्यकच आहे: ज्याच्याकडे विहीर आणि भारी काळी जमीन आहे तो खतही सढळ हाताने टाकतो आणि त्याला कापूसही जास्त होतो, म्हणून ओलीत व जमिनीची खोली वगळल्यास त्यांचे श्रेय खताच्या खात्यावर जमा होते. याउलट पऱ्हाटीवरील बोंडांची संख्या घेऊ नये, मग तिच्यामुळे आर-वर्ग (उत्पादनातील किती चढउतार मॉडेल टिपते याचे माप) कितीही वाढो. खताचा परिणाम बऱ्याच अंशी बोंडांमार्फतच उत्पादनापर्यंत पोहोचत असल्याने, बोंडे स्थिर धरली की खताचा गुणांक (खत एका एककाने वाढल्यास उत्पादन किती बदलते तो आकडा) विनाकारण लहान दिसतो. पेरणीची तारीख खताशी निगडित नसली तरी ठेवावी; उत्पादनातील बराच चढउतार तिच्यामुळे असेल, तर गुणांकाची प्रमाण त्रुटी (त्याच्या अंदाजातील अनिश्चितता) कमी होते. पी-मूल्य (परिणाम मुळात नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा परिणाम दिसण्याची शक्यता) पाहून एकेक चल गाळणारी स्टेपवाइज पद्धत सॉफ्टवेअरमध्ये एका क्लिकवर मिळते, आणि बहुधा म्हणूनच ती इतकी चालते. परंतु तशा निवडीनंतरची पी-मूल्ये जशीच्या तशी खरी मानता येत नाहीत. केवळ वेचणीपूर्वी उत्पादनाचा अंदाज बांधायचा असेल, तर मात्र बोंडांची संख्या खुशाल घ्यावी आणि चलांची निवड क्रॉस-व्हॅलिडेशनने (माहितीचा काही भाग बाजूला ठेवून त्यावर अंदाज पडताळून) तपासावी.