घरातल्या मशीनला नेट द्यायचं की नाही, हे कसं ठरवायचं

सायबर सिक्युरिटीत काम करतो म्हटलं की लोक हमखास विचारतात, कुठला स्मार्ट फ्रिज घेऊ, कुठलं वायफायवालं वॉशिंग मशीन सेफ आहे? माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो, त्याला नेट कशाला पाहिजे? बहुतेक वेळा समोरून नुसतं "अं..." येतं, म्हणजे अर्धं काम तिथेच झालं. उरलेलं अर्धं इथे लिहितोय.

मशीन घ्यायच्या आधीच एक करा, नेटमुळे ते जास्तीचं काय करणार आहे ते एका वाक्यात लिहून काढा, जाहिरातीतलं वाक्य नको, तुमचं स्वतःचं. वॉशिंग मशीन म्हणे फोनवरून चालू करता येतं, पण कपडे आणि पावडर टाकायला मशीनपाशी जावंच लागतं ना, मग तिथलंच बटण दाबा, आणि उशिरा सुरू करायचं असेल तर टायमर साध्या मशीनमध्येपण असतो. केटल, टूथब्रश, ओव्हन यांचं वाक्य लिहायला घेतलं की पेन अडतं. पाणी गळलं तर फोनवर कळवणारा सेन्सर किंवा घर बंद असताना बाहेरून बघायचा कॅमेरा, यांचं मात्र पटकन लिहून होतं. ज्याचं वाक्य होत नाही त्याला नेट नाही, विषय संपला.

वाक्य झालं तर त्या मॉडेलचं मॅन्युअल कंपनीच्या साइटवरून उतरवा आणि विकत घ्यायच्या आधी वाचा (हो, मॅन्युअल, कोणी वाचत नाही ते माहितीये). अकाउंट न काढता मशीन पूर्ण चालतं का ते बघायचं, कारण काही डिशवॉशरमध्ये एखाद-दोन प्रोग्राम फक्त ॲपमधूनच मिळतात. मग सिक्युरिटी अपडेट कधीपर्यंत येणार ते शोधा. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कायदाच आहे की कंपनीने अपडेटची मुदत जाहीर करायची आणि सगळ्या मशीनना एकच सोपा पासवर्ड लावून विकायचं नाही, त्यामुळे कुठेच तारीख दिसली नाही तर त्याच कंपनीची ब्रिटनची वेबसाइट चाळा, तिथे सापडू शकते. फ्रिज दहा-पंधरा वर्षं सहज चालतो आणि अपडेट त्याच्या कितीतरी आधी थांबतात, हे गणित करून मगच पैसे द्या.

मशीन नेटवरून ज्याच्याशी बोलतं तो कंपनीचा सर्व्हर बंद पडला तर काय, हेपण विचारा. रिव्हॉल्व्ह नावाचा स्मार्ट होम हब होता, म्हणजे घरातली स्मार्ट उपकरणं एका ठिकाणाहून चालवणारा डबा, ३०० डॉलरचा, ती कंपनी नेस्ट या दुसऱ्या स्मार्ट होम कंपनीने घेतली आणि २०१६ मध्ये सर्व्हर बंद केले, तर लोकांच्या घरातले धडधाकट हब एका दिवसात निकामी. म्हणून शक्य असेल तिथे झिगबी, झेड-वेव्ह किंवा मॅटर (स्मार्ट उपकरणांनी एकमेकांशी बोलायच्या ठरलेल्या पद्धती) यांवर चालणारं, घरातल्या घरात बोलणारं काहीतरी घ्या.

आता घरात आधीच असलेल्यांचं. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन जोडलेल्या डिव्हाइसची यादी उघडा. नावं विचित्र असतात, 'एस्प्रेसिफ' दिसलं तर घाबरू नका, ते आतल्या वायफाय चिपच्या कंपनीचं नाव आहे, बल्ब किंवा प्लग असेल. ओळखता येत नसेल तर एकेकाचा प्लग काढा आणि यादीतून कोण गायब होतं ते बघा, फक्त बॅटरीवर चालणाऱ्यांना ही युक्ती लागू पडत नाही. मग वायफायचा पासवर्ड बदला आणि नवीन पासवर्ड ज्यांचं वाक्य झालं त्यांनाच द्या, बाकीचे आपोआप बाहेर.

टीव्हीचं जरा वेगळं आहे. खरं सांगू का, तुमच्या फ्रिजमागे हॅकर टपून बसलेला नसतो, रोजचा त्रास असतो तो कंपनीलाच जाणाऱ्या डेटाचा. स्क्रीनवर काय चाललंय ते ओळखून कळवणारं एक फीचर बऱ्याच स्मार्ट टीव्हीत असतं, व्हिझिओ या टीव्ही कंपनीने १.१ कोटी टीव्हींमधून न विचारता असा डेटा गोळा केला म्हणून २०१७ मध्ये अमेरिकेत २२ लाख डॉलर भरले. केबल किंवा डीव्हीडी लावली तरी ते ओळखायचं, म्हणजे टीव्हीचं स्वतःचं ॲप वापरत नाही म्हणून सुटलो असं समजू नका. प्रायव्हसी सेटिंगमध्ये 'व्ह्यूइंग डेटा' किंवा तसलं काही असेल ते बंद करा, किंवा सरळ टीव्हीचं नेट काढून वेगळी स्ट्रीमिंग स्टिक लावा, डेटा तीपण घेते पण निदान जुनी झाली की बदलता येते.

जे नेटवर राहणारच आहेत त्यांना गेस्ट नेटवर्कवर (राउटरमधलं पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय) टाका म्हणजे लॅपटॉप, फोन एका बाजूला आणि ही मंडळी दुसऱ्या बाजूला. सेटअप करताना फोन तात्पुरता त्याच नेटवर्कवर न्यावा लागेल, आणि बऱ्याच मशीनना वायफायचा २.४ गिगाहर्ट्झवालाच बँड लागतो. राउटरमध्ये यूपीएनपी बंद करा, नाहीतर डिव्हाइस तुम्हाला न विचारता बाहेरच्या नेटसाठी राउटरचं दार उघडून ठेवतात (एखादा गेम किंवा व्हिडिओ कॉल अडला तर त्याच्यापुरतं बघा). आणि फॅक्टरीचा पासवर्ड बदलाच. २०१६ मधलं मिराई नावाचं घुसखोर सॉफ्टवेअर आठवा, कॅमेरे आणि राउटरवर साठेक ठरलेले युजरनेम-पासवर्ड लावून बघायचं एवढंच ते करत होतं, आणि तेवढ्यावर ताब्यात आलेल्या डिव्हाइसमधून २१ ऑक्टोबरला, वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या डिन या कंपनीवर हल्ला होऊन ट्विटर, नेटफ्लिक्स अडकले. गंमत म्हणजे ते फक्त मेमरीत राहायचं, कॅमेरा बंद-चालू केला की जायचं, पण पासवर्ड तोच ठेवला तर थोड्याच वेळात परत हजर.

मशीन विकताना किंवा कुणाला देताना फॅक्टरी रीसेट करा, आणि ॲपमधल्या तुमच्या अकाउंटमधूनपण ते काढा. दोन्ही करा, कारण नुसतं रीसेट केलं तर काही मशीन जुन्या मालकाच्या अकाउंटलाच चिकटून राहतात आणि नवीन माणसाला जोडताच येत नाहीत.