सर्व्हर रिकामा दिसला तरी आधी बघून घ्या

गणित विभागात पीएचडीला आलात की लवकरच सगळ्यांच्या सामायिक सर्व्हरचं लॉगिन मिळतं. 64 कोअर (प्रोसेसरचे एकाच वेळी काम करणारे भाग) बघून हरखायला होतं. मीही हरखलो होतो. 20 कोअर वापरू म्हणून 20 पायथन प्रोसेस सोडल्या आणि घरी जाऊन झोपलो. सकाळी मेलचा ढीग. कुणाला साधं लॉगिनही जमेना.

भानगड अशी, की मॅट्रिक्सचं गणित आलं की नमपाय ही पायथनची लायब्ररी पडद्यामागे स्वतःचे थ्रेड (समांतर चालणारे कामाचे धागे) काढते, बहुतेकदा जितके कोअर तितके. 20 गुणिले 64, म्हणजे 64 कोअरांवर 1280 थ्रेडची झोंबाझोंबी. माझंही काम पुढे सरकलं नव्हतं, ते वेगळंच. आता ओएमपी_नम_थ्रेड्स (OMP_NUM_THREADS, एका प्रोसेसने किती थ्रेड काढायचे ते ठरवणारं सेटिंग) 1 वर ठेवल्याशिवाय मी एकाच वेळी अनेक प्रोसेस सोडत नाही. हे नमपाय इम्पोर्ट होण्याआधी करायचं. नंतर केलंत तर सहसा उपयोग होत नाही.

जॉब सोडण्याआधी एचटॉप (चालू कामांची यादी दाखवणारा प्रोग्रॅम) उघडून कोण काय चालवतंय ते बघा. तुमचं नाव आणि तुमची कमांडही तिथे सगळ्यांना दिसते, म्हणून पासवर्ड कमांडमध्ये लिहू नका. लांबलचक काम नाइस (कामाचा अग्रक्रम कमी करणारी कमांड) 19 ने चालवा, म्हणजे ते इतरांना वाट देतं. नाइसचा आकडा आपल्याला वाढवता येतो, पण एकदा वाढवला की सहसा खाली आणता येत नाही.

मेमरीचा हिशोब कागदावर करा. 50,000 बाय 50,000 चं भरलेलं मॅट्रिक्स, दर आकड्याला 8 बाइट, म्हणजे 20 जीबी. आयगेनव्हॅल्यू काढताना वर आणखी प्रती होतात. बहुतेक शून्यंच असतील तर स्पार्स (फक्त शून्य नसलेले आकडे साठवणारं) मॅट्रिक्स वापरा, गणितवाल्यांना हे मी काय सांगावं!

लॅपटॉप मिटला, एसएसएच (सर्व्हरशी असलेली जोडणी) तुटलं की जॉब मरू शकतो. त्यासाठी टीमक्स, जोडणी तुटली तरी सर्व्हरवर काम चालू ठेवणारा प्रोग्रॅम. कंट्रोल-बी, मग डी दाबून बाहेर पडा. काम आत चालू राहतं. स्लर्मची (जॉबना पाळीपाळीने मशीन वाटून देणारी व्यवस्था) रांग असेल तर मात्र लॉगिन नोडवर, म्हणजे लॉगिन करता त्या मशीनवर, काही चालवू नका, जॉब रांगेत टाका. स्क्रॅचमध्ये (तात्पुरत्या फायलींच्या जागेत) ठेवलेल्या फायलींचा सहसा बॅकअप नसतो. मॅटलॅबची खिडकी उगाच उघडी ठेवू नका, लायसन्स अडकून पडतं.

अडलात तर सिस्टम अ‍ॅडमिनला बिनधास्त लिहा. फक्त "चालत नाहीये" एवढंच नको. कोणतं मशीन, कोणती कमांड, आणि एरर जशीच्या तशी.