वाराटाची छाटणी फुले काढतानाच उरकावी

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याचे राज्यपुष्प असलेले वाराटा अंगणात लावल्यावर पहिली काही वर्षे ते झकास फुलते. पुढे मात्र झाड नुसते उंच व काटकुळे होऊन फुले कमी येऊ लागतात. त्यावर सोपा उपाय असा की छाटणीचे काम वेगळे ठेवूच नये. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, म्हणजे तिथल्या वसंतात, लाल फूल फुलदाणीसाठी काढताना केवळ देठ न तोडता, फुलाखालची निम्मी फांदी धारदार कात्रीने, एखाद्या पानाच्या किंचित वर, तिरकी कापावी आणि खाली थोडी पाने राहू द्यावीत. पुढच्या वर्षीची फुले नव्या फुटव्यांच्या टोकांवर धरतात, म्हणून कापायला हात आखडता घेण्याचे कारण नाही. झाडावरच सुकलेली फुलेही लगेच अशीच काढावीत; छाटणी तिथल्या उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत, म्हणजे फेब्रुवारीपर्यंत, लांबवली तर तयार होत असलेल्या कळ्याच कापल्या जातात.

छाटणीनंतर बुंध्यापासून वीतभर अंतर सोडून पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे. मुळे वरच्या थरात असल्यामुळे तेथे खुरपे चालवू नये, तण हातानेच उपटावे.

मात्र गुलाबाला घालतो ते खत, हाडांचा चुरा किंवा कोंबडीखत वाराटाला कधीही घालू नये, कारण जास्तीचे फॉस्फरस या झाडाला, तसेच त्याच्या कुळातील बँक्सिया व ग्रेव्हिलियालाही, सोसत नाही.