ड्रिल डोलतंय? चक बदलण्याआधी या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छेकडच्या छोट्या वर्कशॉपमध्ये पोरं हमखास एक वाक्य म्हणतात: "अण्णा, चक गेलाय ओ, नवीन आणा." बहुतेक वेळा चक, म्हणजे मशीनचा ड्रिल पकडणारा भाग, गेलेला नसतो, त्याला नीट वापरलेलं नसतं.

चकचं काम समजलं की निम्म्या चुका आपोआप कळतात. बॉडीत तीन तिरकी भोकं असतात आणि त्यांत तीन जबडे सरकतात. जबड्यांच्या पाठीवर आटे असतात, त्यांत बाहेरच्या स्लीव्हमधली (फिरत्या कड्यामधली) नट अडकते. चावी फिरवली की स्लीव्ह फिरते, तिन्ही जबडे एकाच वेळी सारखेच पुढे येतात आणि ड्रिल आपोआप मध्यावर येतं. एक जरी जबडा अडला, तरी सेंटर गेलं.

बेळगावात ही अडचण जास्त येते, कारण इथं बीडाचं (ओतीव लोखंडाचं) काम भरपूर. बीड सुकंच ड्रिल करतात, त्याची काळी भुकटी पिठासारखी बारीक असते आणि ती थेट जबड्यांत शिरते. त्यावर कुणीतरी 'जाम झालाय' म्हणून तेल ओततो. तेल आणि भुकटी मिळून घासणारी पेस्ट तयार होते, मग आटे झिजायला किती वेळ लागणार? तेल ओतू नका. चक उतरवून जबडे पूर्ण उघडा, तोंड खाली धरून डिझेलमध्ये ब्रशनं धुवा, कोरडं पुसा आणि मग पातळ तेलाचा एखादा थेंब द्या. हवा मारायची घाई करू नका, भुकटी आणखी आत जाते. पावसाळ्यात तर ही साफसफाई टाळूच नये, इथल्या दमट हवेत गंज लवकर धरतो.

दुसरी चूक चावीची. चकच्या बाजूला चावीसाठी असलेल्या भोकांपैकी एकाच भोकात चावी घालून जोर लावला की स्लीव्हवर एका बाजूनं ताण येतो. तिन्ही भोकांतून पाळीपाळीनं आवळा. आवळल्यावर चावी लगेच काढा. चावी तशीच ठेवून मशीन चालू करणं म्हणजे कुणाच्या तरी तोंडावर ती फेकणं.

बारीक ड्रिल कधी कधी दोनच जबड्यांत अडकतं, तिसरा नुसता बाजूला. मशीन चालू करण्याआधी खालून एकदा बघा. चकवर '१.५ ते १३' असं लिहिलेलं असेल, तर १ मिमीचं ड्रिल त्यात धरायचा हट्ट सोडा.

आता दोष नक्की कुणाचा, हे शोधायचं कसं? डायल (बारीक फरक दाखवणारं काट्याचं माप) लावा आणि शँकवर, म्हणजे ड्रिलच्या गुळगुळीत दांड्यावर, सगळ्यात उंच बिंदू येतो तिथं खूण करा. मग चक सैल करून फक्त ड्रिल अर्धा फेरा फिरवा आणि पुन्हा आवळा. उंच बिंदू ड्रिलबरोबर फिरला, तर ड्रिल वाकडं किंवा शँकवर बर (धातूची उठलेली कड) आलेली. ड्रिल आत घसरून फिरलं की ती येते, फाइलनं साफ करा. बिंदू चकबरोबरच राहिला, तर चककडे किंवा टेपरकडे (चक बसतो त्या निमुळत्या दांड्याकडे) वळा.

बेंच ड्रिलचा चक बहुधा टेपरवर नुसत्या घर्षणानं बसलेला असतो, त्याला आटे नसतात. टेपरवर तेलाचा हात लागला किंवा चिप अडकली तरी तो डोलतो आणि कधी सुटून पडतो. दोन्ही भाग कोरडे पुसून बसवा. ठोकायचंच असेल तर आधी जबडे पूर्ण आत घ्या, मग लाकडी हातोडीनं टोला द्या. जबडे बाहेर असताना ठोकलं की सगळा मार त्यांच्या आट्यांवर बसतो. ड्रिल मशीनवर बाजूनं मिलिंग करायचा उद्योगही नको, टेपर त्यासाठी नाही.

हाताच्या रिव्हर्स मशीनमध्ये मात्र चक आट्यांवर असतो आणि आत डाव्या आट्याचा स्क्रू असतो. तो नेहमीच्या स्क्रूसारखा घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवून काढायला गेलात, तर आणखी आवळला जातो.

हे सगळं करूनही डोलत असेल, तर एक नवं सरळ ड्रिल धरून खालून उजेडाला बघा. जबड्यांच्या तोंडाशी फट दिसते आणि पकड फक्त आतल्या बाजूला आहे, म्हणजे जबडे तोंडाशी झिजलेत. तो चक मात्र बदला.