पावसाळ्यात टॉवेल वाळवायची सोय

गोव्यातल्या डिचोलीत पावसाळाभर टॉवेल वाळत नाहीत, कुबट वास मारतात. म्हणून छोट्या बाथरूममध्ये विजेवर तापणारा टॉवेल रॉड बसवला, शॉवरपासून लांब, दाराशेजारच्या भिंतीवर. वायरिंग इलेक्ट्रिशियनकडूनच करून घेतलं: स्विच बाहेर, अर्थिंग तपासून, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच. इथे काटकसर नको.

खरा त्रास भिंतीतल्या चिऱ्याने, म्हणजे जांभ्या दगडाने दिला. ड्रिलचा हॅमर बंद ठेवून टाइलला हळूच भोक पाडलं. पण आतला चिरा भुसभुशीत, लाल भुकटी गळतच राहिली आणि स्क्रूसाठी ठोकलेला प्लॅस्टिकचा प्लग गरगर फिरू लागला. भोक ब्रशने साफ केलं, केमिकल अँकर (भोकात घट्ट होऊन स्क्रू धरून ठेवणारा मसाला) भरला, रात्रभर सुकू दिला. आता रॉड ढिम्म हलत नाही. १०० वॉटचाच आहे, बिलाची धास्ती नाही. टॉवेल मात्र पसरून टाकायचा. आईची जाड चादर त्यावर वाळणार नाही, हे तिला अजून पटलेलं नाही.