जुन्या कळपात नव्या कोंबड्या सोडताना

कोंबड्यांच्या कळपात कोणी आधी खायचे आणि दांडीवर कोणी कुठे बसायचे हे ठरलेले असते. नवा पक्षी आला की ही उतरंड पुन्हा लावावी लागते, त्यामुळे थोडीफार टोचाटोची अटळ असते.

नव्या कोंबड्या आणल्यावर त्यांना किमान 3 ते 4 आठवडे दूर, वेगळ्या भांड्यांसह ठेवावे. शिंका, डोळ्यांतून पाणी, पातळ विष्ठा किंवा पिसांखाली उवा दिसतात का ते रोज पाहावे आणि त्यांची निगा नेहमी जुन्या कळपानंतर करावी. वरवर निरोगी दिसणारा पक्षीही रोगवाहक असू शकतो, म्हणून या टप्प्यात घाई करू नये.

त्यानंतर साधारण आठवडाभर दोन्ही गटांमध्ये केवळ जाळी असावी, म्हणजे ते एकमेकांना पाहतील, पण इजा करू शकणार नाहीत. तलंगा (अजून अंडी न देणाऱ्या तरुण कोंबड्या) असतील, तर त्यांची वाढ जुन्या कोंबड्यांच्या जवळपास होईपर्यंत थांबावे. एकटी कोंबडी सोडणे मी टाळेन, कारण सगळा रोष तिच्यावरच निघतो.

एकत्र सोडताना मोकळी जागा, आडोसे आणि खाद्य-पाण्याची जादा भांडी हवीत. रात्री अंधारात नव्या कोंबड्यांना दांडीवर बसवण्याची युक्ती उपयोगी पडते. मात्र पहाटे लक्ष ठेवायला हजर राहावे. रक्त दिसताच जखमी पक्षी बाजूला काढावा, कारण लाल रंग पाहून इतर कोंबड्याही तिथेच चोच मारतात. एखादी कोंबडी सतत छळत असेल, तर काही दिवस तिलाच वेगळे ठेवावे.